एकसष्टाचे उदाहरण

भास्कराचार्य कोणाचे, हा प्रश्न आमच्या सीमाभागात थंडीच्या दिवसांत हमखास डोके वर काढतो. २२ डिसेंबर हा श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस. २०१२ सालापासून तो राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी ठिकठिकाणी भाषणे होतात. भाषण सुरू होते रामानुजनांवर, पाच मिनिटांत भास्कराचार्यांवर येते, आणि तेथून जे घसरते ते थेट गावाच्या शिवेवर जाऊन थांबते. आचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड असे सांगितले आहे. हे विज्जडविड म्हणजे आजचे विजापूर, असे कन्नड वक्ते सांगतात. मराठी वक्ते चाळीसगावाजवळच्या पाटणचा शिलालेख पुढे करतात. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो लेख प्रसिद्ध केला. आचार्यांचा नातू चांगदेव याच्या, आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून काढलेल्या मठाचा तो शके ११२८ मधला लेख आहे. दोन्ही बाजूंना टाळ्या पडतात. आचार्यांनी स्वतः ग्रंथ लिहिले ते संस्कृतात, ही गोष्ट टाळ्यांच्या गजरात कोणाला आठवत नाही.

या वादात निकाल देण्याचा मला अधिकार नाही आणि खरे सांगायचे तर हौसही नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

अशाच एका सभेत मलाही दहा मिनिटे मिळाली होती. मी फळ्यावर एक संख्या लिहिली आणि ही आचार्यांच्या बीजगणितातील एका उदाहरणाचे उत्तर आहे, ते बरोबर आहे की नाही हे कोणी पाहील काय, असे विचारले. सभागृहात शे-सव्वाशे माणसे होती, त्यांत गणिताचे पदवीधरही थोडेथोडके नव्हते. कोणी खिशातले पेन काढले नाही. मग मी एवढेच सांगितले की, ज्या रीतीने हे उत्तर निघते ती रीत आचार्यांच्याही आधीची आहे, आणि ती कधीच अडत नाही याची सिद्धता पुष्कळ नंतर मिळाली. कार्यक्रम संपल्यावर एक वयस्क गृहस्थ जवळ आले. आवाजात राग नव्हता, दुःख होते. ते म्हणाले, "सर, आपल्याच माणसाला तुम्ही कमी का लेखता?"

त्या वेळी मला धड उत्तर देता आले नाही. ते येथे देत आहे. पण उत्तराची वाट त्या संख्येतूनच जाते, म्हणून वाचकांनी थोडे गणित सोसावे.

उदाहरण असे आहे. अशी एक पूर्ण संख्या शोधा की, तिच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता येणारी संख्याही पूर्णवर्गच असेल. शून्य अर्थातच चालणार नाही. ६१ च्या जागी ६० असते तर उत्तर ४ आहे. १६ गुणिले ६० म्हणजे ९६०, त्यात १ मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ असते तर उत्तर ८. बेरीज ३,९६९ येते, ती ६३ चा वर्ग. ६३ असते तर काम एकावरच भागते. शेजारची ही मंडळी अशी सोपी, आणि मधल्या एकसष्टाला मात्र लहानात लहान उत्तर लागते ते २२,६१,५३,९८०. बावीस कोटी एकसष्ट लाख त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी. आणि ज्याचा वर्ग येतो ती संख्या १,७६,६३,१९,०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. शंभराच्या आतल्या दुसऱ्या कोणत्याही संख्येला इतके मोठे उत्तर लागत नाही.

एकेक संख्या घेऊन पाहत बसले आणि मिनिटाला एक, तेही रात्रंदिवस न थांबता, असा वेग धरला, तर हे उत्तर हाती यायला सुमारे ४३० वर्षे लागतील. आचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी पुरा केला ११५० साली. त्या दिवशी कोणी बसला असता तर उठेपर्यंत १५८० उजाडले असते. तेव्हा उत्तर चाचपडत सापडलेले नाही, एवढे उघड आहे.

सभेनंतर हीच संख्या मी बी. एस्सी.च्या वर्गात फळ्यावर लिहिली. तिथे पेनाची वाट पाहावी लागली नाही, मोबाईल बाहेर आले. एका मुलाने दोन्ही संख्या यंत्रावरच्या तक्त्यात भरल्या, एकीचा वर्ग केला, दुसरीच्या वर्गाची एकसष्ट पट त्यातून वजा केली आणि आनंदाने ओरडला, "सर, तुमचे भास्कराचार्य चुकले! वजाबाकी शून्य येते, एक नाही!" वर्ग हसला. दुसऱ्याने आपले दहा आकडी गणकयंत्र काढले. तिथेही दोन्हीकडे तेच, ३.११९८८२९८३ गुणिले दहाचा अठरावा घात. दोन साक्षीदार एकमुखाने आचार्यांविरुद्ध बोलत होते.

साक्षीदार खोटे बोलत नव्हते, त्यांचा आवाकाच तेवढा होता. या वर्गात १९ आकडे आहेत. ज्या यंत्राला दहा किंवा पंधरा आकडेच धरता येतात ते शेवटचे आकडे सोडून देते, आणि सगळे रहस्य नेमके शेवटच्या आकड्यात आहे. पूर्ण संख्या पूर्णपणे जपणाऱ्या संगणकभाषेत हेच गणित घातले तर क्षणात १ हे बरोबर उत्तर येते, हेही न्यायासाठी सांगितले पाहिजे. पण त्या दिवशी मी मुद्दाम ते सांगितले नाही. म्हटले, हाताने करा.

दोन बाकांनी एक वर्ग वाटून घेतला, दोन बाकांनी दुसरा. पाचवी-सहावीनंतर एवढा मोठा गुणाकार हाताने कोणी केला नव्हता. हातचे विसरले गेले, रांगा तिरक्या झाल्या, एका बाजूची बेरीज दोनदा चुकली. एक मुलगी मात्र गुणाकाराच्या फंदात पडलीच नाही. तिने आजोबांकडून शिकलेला नवाचा ताळा लावला. २२,६१,५३,९८० च्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे नवाने भाग जातो, बाकी शून्य. तेव्हा तिच्या वर्गाची एकसष्ट पट नवाच्या हिशेबी शून्य, अधिक एक, बरोबर एक. दुसरीकडे १,७६,६३,१९,०४९ च्या अंकांची बेरीज ४६, म्हणजे बाकी एक, तिच्या वर्गाचीही एक. ताळा जमला. मग ती अकराचा ताळा पाहू लागली आणि तिला आढळले की मोठ्या संख्येला अकराने नेमका भाग जातो. फळ्याकडे पाहत ती म्हणाली, "सर, उत्तर शून्य नाहीच येऊ शकत. नवानेच पकडले." तोवर बाकांचे गुणाकार तयार झाले होते. एकीकडे ३११९८८२९८२८६०२६४४०१, दुसरीकडे ३११९८८२९८२८६०२६४४००. पावणेआठशे-आठशे वर्षांपूर्वीच्या पोथीतला एक, एवढ्या उलाढालीतून शिल्लक राहून, फळ्यावर उभा होता. "पावणेआठशे नाही सर, पावणेनऊशे," असे मागच्या बाकावरून कोणीतरी दुरुस्त केले, तेही बरोबर होते.

आता हे उत्तर काढायचे कसे? आचार्यांचे शब्द मराठी आणि कन्नड मुलांना सारखेच कळतात, म्हणून तेच वापरतो. लहान मूळ ते कनिष्ठ, मोठे मूळ ते ज्येष्ठ, आणि जे मिळवायचे तो क्षेप. कनिष्ठ १ घेऊ. ६१ मध्ये ३ मिळवले की ६४, म्हणून ज्येष्ठ ८ आणि क्षेप ३. आपल्याला क्षेप १ हवा आहे, मिळाला ३. इथून चक्र फिरू लागते. अशी संख्या घ्यायची की तिच्यात ८ मिळवल्यावर ३ ने भाग जाईल आणि तिचा वर्ग ६१ च्या जवळ असेल. ७ घेतले. ७ आणि ८ मिळून १५, भागिले ३, म्हणून नवा कनिष्ठ ५. ४९ वजा ६१ म्हणजे उणे १२, भागिले ३, म्हणून नवा क्षेप उणे ४. आणि पाहा, २५ ची एकसष्ट पट १,५२५, त्यातून ४ गेले की १,५२१, आणि हा ३९ चा वर्ग आहे! तो आपण होऊन पूर्णवर्ग आला. का आला, हे ज्याला स्वतः बीजगणित मांडून कळेल त्याला त्या दिवशी जेवण गोड लागेल.

क्षेप उणे चारावर आला की चक्र आणखी फिरवावे लागत नाही. पुढची युक्ती ब्रह्मगुप्ताची आहे, इ.स. ६२८ मधल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तातली. दोन्ही मुळे निम्मी करायची. कनिष्ठ अडीच, ज्येष्ठ साडेएकोणीस, क्षेप उणे १. मग भावना. दोन जोड्यांचा तिरकस गुणाकार करून बेरीज घेतली की नवा कनिष्ठ मिळतो. कनिष्ठांचा गुणाकार एकसष्ट पट करून त्यात ज्येष्ठांचा गुणाकार मिळवला की नवा ज्येष्ठ मिळतो. क्षेपांचा नुसता गुणाकार. ही जोडी स्वतःशीच जोडली की क्षेप १ येतो, पण मुळे अपूर्णांकात अडकतात, १९५ चे निम्मे आणि १,५२३ चे निम्मे. पुन्हा पहिल्या अर्ध्या जोडीशी जोडा. अपूर्णांक गळून पडतात. कनिष्ठ ३,८०५, ज्येष्ठ २९,७१८, क्षेप उणे १. ही जोडी एकदा स्वतःशी जोडली की झाले. वहीचे एक पान पुरते.

शेवटच्या पायरीवर जरा थांबावेसे वाटते. २९,७१८ चा वर्ग ८८,३१,५९,५२४. आणि ३,८०५ च्या वर्गाची एकसष्ट पट ८८,३१,५९,५२५. दोन शेजारी संख्या, एक निव्वळ वर्ग, दुसरी वर्गाची एकसष्ट पट. त्यांची बेरीज म्हणजेच आपली १,७६,६३,१९,०४९. इतक्या अवाढव्य दिसणाऱ्या संख्येच्या पोटात अशी दोन सख्खी भावंडे बसलेली आहेत. आणि कनिष्ठाची फोड केली तर त्यात २ आणि ३ दोन-दोनदा, आणि ५, १३, १२७, ७६१ एकेकदा, एवढेच मूळ अवयव निघतात. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागले तर ६१ चे वर्गमूळ दशांशचिन्हापुढे सतरा स्थळांपर्यंत बिनचूक मिळते. या संख्येवर इतका लोभ का, असे मला विचारू नये.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळतो. भावना ब्रह्मगुप्ताची, हे वर आलेच. चक्रवाल ही रीत आचार्य जयदेव नावाच्या गणितज्ञाला आधीच ठाऊक होती. १०७३ सालच्या उदयदिवाकराच्या सुंदरी टीकेत जयदेवाचे श्लोक उद्धृत आहेत, आणि कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ साली ते उजेडात आणले. पुढे १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्माने हाच प्रश्न युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकला आणि एका पत्रात उदाहरणादाखल ६१ आणि १०९ हे आकडे सुचवले. ब्राउंकर आणि वॉलिस या इंग्रजांनी रीत शोधली. ऑयलरने चुकून पेल या तिसऱ्याच माणसाचे नाव त्या समीकरणाला चिकटवले, ते आमच्या क्रमिक पुस्तकांत आजही चिकटलेले आहे. फर्माने ६१ हाच आकडा घेतला, तेव्हा त्याने आपली पोथी चोरली असली पाहिजे, असे मी एका व्यासपीठावरून ऐकले आहे. त्याला पुरावा नाही. लहान आकड्यांत सर्वांत अवघड जागा कोणती, हे ज्याने शोधले तो ६१ वरच येणार. डोंगराचा सुळका एकच असला तर दोन्ही बाजूंनी चढणारे तिथेच भेटतात. बीजगणिताचा कोलब्रुकने थेट संस्कृतावरून केलेला इंग्रजी अनुवाद निघाला तो १८१७ मध्ये, फर्मा गेल्यावर दीडशे वर्षांनी.

आणि सिद्धता? अशा प्रत्येक उदाहरणाला उत्तर असतेच, हे लाग्रांजने १७६८ च्या सुमारास सिद्ध केले. आचार्यांचे चक्र फिरत फिरत अखेर एकावर येऊन थांबतेच, याची नीट मीमांसा केली ती म्हैसूरचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी, १९२९-३० च्या सुमारास. म्हणजे रीतीला सिद्धता मिळाली ती आमच्याच कर्नाटकात. हेच अय्यंगार कवी ए. के. रामानुजन यांचे वडील. आणि कवी रामानुजन १९५० च्या दशकात काही वर्षे आमच्या बेळगावात इंग्रजी शिकवीत होते. भास्कराचार्यांच्या गावावरून भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी ही गोष्ट सांगितलेली मी अजून ऐकलेली नाही.

मी आचार्यांना कमी लेखतो काय? माझ्या मते, ज्याने त्यांचे एकही उदाहरण सोडवलेले नाही आणि तरी जो त्यांना विश्वातला पहिला म्हणतो, तो त्यांना कमी लेखतो. आधीच्यांची साधने हाती घेऊन सर्वांत अवघड आकडा निवडणे, आणि शिकणाऱ्याला सहज पेलेल अशा रीतीने ते एका पानात उतरवणे, हे त्यांचे काम होते. ते काम एवढे मोठे आहे की त्याला आणखी उसनी उंची लावण्याची गरज नाही. आमच्या वक्त्यांना तर हांकेल नावाच्या जर्मन इतिहासकाराने या रीतीची केलेली स्तुती पाठ असते. सर्टिफिकेट पाठ, पण गणित येत नाही, ही अवस्था आमच्या विद्यार्थ्यांची असेल तर आम्ही त्यांना रागावतो.

आता तर 'भारतीय ज्ञानपरंपरा' या नावाचा विषय अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आला आहे. चांगली गोष्ट आहे, पण त्याच्या प्रश्नपत्रिका कशा निघणार हे मी आजच सांगू शकतो. 'भास्कराचार्यांच्या कार्यावर टीप लिहा, गुण पाच.' मुले जन्मसाल लिहितील, चार ग्रंथांची नावे लिहितील, लीलावतीच्या घटिकापात्रात पडलेल्या मोत्याची दंतकथा लिहितील, आणि पाचांपैकी चार गुण घेऊन बाहेर पडतील. त्याऐवजी एक ओळीचा प्रश्न घाला: प्रकृती १३ घेऊन चक्रवालाने सोडवा. आमच्या गणित मंडळांनी आणि अभ्यासमंडळांवर बसणाऱ्या सहकाऱ्यांनी एवढे केले तरी पुरे. एक सहकारी मला म्हणाले, "मुलांना जमणार नाही हो." ज्या वर्गाची हकीकत मी वर दिली त्यात पहिल्या वर्गातली मुले बोटांवर मोजण्याइतकी होती.

'उपयोग काय?' हा प्रश्न मुले विचारतात, आणि तो रास्त आहे. हल्ली संख्या-सिद्धान्ताचे नाव निघाले की बँकेच्या गुप्त कुलपांचा दाखला देण्याची पद्धत पडली आहे. (संख्या-सिद्धान्त हा शब्दही जपून वापरावा लागतो. संख्याशास्त्र म्हटले तर लोक सरासरी आणि टक्केवारी समजतात, अंकशास्त्र म्हटले तर मोटारीचा शुभ क्रमांक विचारतात!) ती कुलपे मोठ्या संख्यांची फोड करण्याच्या अडचणीवर चालतात हे खरे, पण एकसष्टाच्या उदाहरणाने कोणाचे कुलूप उघडत नाही आणि लागतही नाही. त्या मुलीला जे मिळाले ते मात्र मी पाहिले आहे. दोन यंत्रे आणि सारा वर्ग एका बाजूला असताना, अंकांची बेरीज करून 'हे शून्य असू शकत नाही' असे तिने ठामपणे म्हटले. तेवढ्यासाठी एक तास खर्ची घालायला मी केव्हाही तयार आहे.

या अंकाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात कन्नड विभाग आहे. तिथल्या मित्रांना माझी विनंती आहे की, हीच संख्या त्यांनी आपल्या अंकांत लिहून पाहावी. अंकांची वळणे बदलतील, ताळा तोच येईल.

आचार्यांनी एकसष्टाबरोबर आणखी एक उदाहरण दिले आहे, सदुसष्टाचे. ते थोडे सौम्य आहे, उत्तर कोटीत जात नाही. सुरुवात करून देतो. कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप उणे ३. पुन्हा ७ घ्या. कनिष्ठ ५ येतो, ज्येष्ठ ४१, क्षेप ६. इथून पुढे वहीत करा, मोबाईल दप्तरात ठेवा, आणि क्षेप एकावर आला की वही घेऊन गणित विभागात या. मंगळवारी आणि शुक्रवारी तीननंतर मी तिथेच असतो. सभेत भेटलेले ते गृहस्थ हा अंक वाचत असतील तर त्यांनीही जरूर यावे, चहा माझ्याकडून.